रिकामी पिशवी

अमळनेरचा एक मुलगा जळगावला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. वडील रेल्वेत गाडी चालवायचे, आता निवृत्त होऊन घरी होते. मुलगा हुशार होता आणि त्याला घाईही तेवढीच होती. वर्गातल्या बाकीच्यांनी प्रोजेक्टसाठी वेबसाइट निवडल्या. याने थेट लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, हात घातला.

काम मात्र त्याने आपल्या मुलखातलं निवडलं. रावेरकडे केळी पिकवायच्या बंद खोल्या असतात, तिकडे त्यांना चेंबर म्हणतात. कच्चा माल क्रेटमध्ये भरून आत लावतात, इथिलीन सोडतात आणि खोली १६ ते १८ अंशांवर राखतात. बाहेर मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असतो. आतला गारवा एक रात्र गेला तरी केळं वरून पिवळं दिसतं आणि बोट लावलं की आत बसतं. असा माल दूरच्या बाजाराला पाठवता येत नाही.

मुलाने एक छोटा बोर्ड घेतला, त्याला तापमानाचा सेन्सर जोडला आणि सेन्सरसाठी कर्नलचं मॉड्यूल लिहिलं. दर दहा सेकंदांनी सेन्सर बोर्डाला हाक मारायचा. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. ती आली की प्रोसेसरने हातातलं काम टाकून तिकडे धावायचं असतं. मॉड्यूल धावायचं, कर्नलकडून एका नोंदीपुरती मेमरी मागून घ्यायचं, तिच्यात तापमान आणि वेळ लिहायचं आणि ती नोंद यादीच्या शेवटी जोडायचं. पारा चढला की भोंगा वाजायचा.

मेमरी मागितली की कर्नल तिचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, देतो. द्यायला मेमरी नसेल तर पत्त्याच्या जागी शून्य देतो. त्याला नल म्हणतात. मुलाला हे पाठ होतं, परीक्षेत त्यावर त्याला मार्कही मिळाले होते. पण मॉड्यूलमध्ये त्याने मागणीची ओळ लिहिली आणि तिच्या खालच्याच ओळीत तापमान लिहून टाकलं. काय हाती आलं ते मध्ये पाहिलं नाही. लॅबमध्ये मॉड्यूल आठवडेच्या आठवडे चाललं, एकदाही अडलं नाही. मग पाहायचं तरी कशाला, असं त्याला वाटलं.

रावेरकडच्या एका व्यापाऱ्याने चेंबर वापरायला दिलं. बोर्ड भिंतीवर बसला आणि नीट चालू लागला. व्यापाऱ्याचा भाचा होतकरू होता. बोर्ड नुसताच टांगलेला पाहून त्याने त्यावरच कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही लावून दिलं.

मे महिन्यात एका रात्री कूलिंगचं मशीन बंद पडलं. भोंगा वाजला नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा आत उबट हवा होती आणि क्रेटमधला माल मऊ पडला होता. व्यापाऱ्याने तो जवळच्या बाजारात मिळेल त्या भावाने काढला. मुलाला फोन करून तो एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमचं मशीन रात्रीच झोपलं."

मुलगा धावत गेला. बोर्डाच्या छोट्या पडद्यावर मजकूर गोठून राहिला होता. नल पॉइंटरवरून वाचता-लिहिता येत नाही, असं कर्नलने सांगितलं होतं आणि शेवटी इंटरप्टमध्येच घात झाल्यामुळे सगळं थांबवत असल्याचं कळवलं होतं. मुलाने फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात आपल्या मॅडमना दाखवला.

मॅडम मूळच्या धुळ्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फोटो मोठा केला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"हा पत्ता वाच."

"शून्य, शून्य, शून्य... आणि शेवटी १०."

"नल म्हणजे शून्य ना? मग हे १० कुठून आलं?"

मुलाला सांगता येईना. त्याने वही काढली आणि आपली नोंद कशी मांडली आहे ते लिहून पाहिलं. यादीत ओवण्यासाठी आधी पुढच्या आणि मागच्या नोंदीचे पत्ते, प्रत्येकी ८ बाइट. त्यानंतर तापमान. म्हणजे तापमानाची जागा नोंदीच्या सुरुवातीपासून १६ बाइट सोडून. कर्नल पत्ते सोळाच्या हिशोबात छापतो आणि त्या हिशोबात १६ म्हणजे १०. नोंदीची सुरुवातच शून्यावर होती, म्हणून तापमान लिहायला गेलेला हात १० वर जाऊन पडला होता.

"म्हणजे मागितली ती मेमरी मिळालीच नव्हती," तो हळूच म्हणाला.

"नव्हती. आणि तसं तुला सांगितलंही होतं."

शून्यापासूनचं पहिलं पान, साधारण ४०९६ बाइटचं, मुद्दाम कुणालाही दिलेलं नसतं. तिथे कुणी चुकून हात घातला की प्रोसेसर लगेच ओरडतो. बोर्ड थांबला तो त्यामुळेच. तसं नसतं तर मॉड्यूलने भलतीकडेच तापमान लिहिलं असतं आणि बोर्ड काहीतरी बरळत चालूच राहिला असता.

"पण मॅडम, लॅबमध्ये एकदासुद्धा नल आला नाही."

मॅडमनी त्याला कर्नलचा स्वभाव सांगितला. साध्या वेळी कुणी थोडी मेमरी मागितली, म्हणजे सलग आठ पानांपर्यंत, तर कर्नल सहसा नाही म्हणत नाही. मागणाऱ्याला थांबवून ठेवतो, इकडचं तिकडचं आवरतो, फारच अडलं तर एखादा चालू प्रोग्राम मारतो, पण देतो. इंटरप्टमध्ये मागणाऱ्याला मात्र थांबता येत नाही. शिल्लक असेल तर तिथल्या तिथे मिळतं, नसेल तर नल. लॅबमधल्या बोर्डावर दुसरं काहीच चालू नव्हतं, मेमरी मोकळी पडली होती. चेंबरमध्ये भाच्याचे कॅमेरे होते.

मुलाला फार लागलं. त्या रात्री बसून त्याने सगळा कोड उघडला आणि जिथे जिथे पॉइंटर दिसला तिथे तिथे 'नल आहे का' अशी तपासणी घातली. सकाळी मोठ्या समाधानाने तो मॅडमकडे गेला. त्या वाचत गेल्या आणि एका फंक्शनपाशी थांबल्या.

पहिल्या ओळीत त्याने पॉइंटरवरून आतली एक किंमत उचलून घेतली होती. दुसऱ्या ओळीत तो पॉइंटर नल आहे का, ते पाहिलं होतं.

"तपासणी आहे ना, मॅडम."

"आहे. पण हात आधी घातलास आणि विचारलंस नंतर."

मग त्यांनी २००९ सालची एक खरी हकिगत सांगितली. लिनक्समध्ये टन नावाचा नेटवर्कचा एक ड्रायव्हर आहे, व्हीपीएनसाठी तो वापरतात. त्यातल्या एका फंक्शनमध्ये नेमकं असंच झालं होतं: आधी पॉइंटरवरून किंमत घेतली आणि खालच्या ओळीत तो नल आहे का ते विचारलं. जीसीसी कंपायलरने सी भाषेच्या नियमाने हिशोब केला. पॉइंटर वरच वापरला आहे, म्हणजे तो नल असणार नाही, मग खालची विचारणा फुकाची. त्याने ती ओळच काढून टाकली. लिहिणाऱ्याच्या फाइलमध्ये तपासणी दिसत होती, चालणाऱ्या कर्नलमध्ये ती नव्हतीच. ब्रॅड स्पेंगलर नावाच्या सुरक्षा-अभ्यासकाने शून्याच्या त्या रिकाम्या पानावर आपला मजकूर नेऊन ठेवायची वाट शोधली आणि या भोकातून साध्या वापरकर्त्याला साऱ्या मशीनचा ताबा घेता येतो, हे करून दाखवलं. दुरुस्ती काय, तर किंमत घेणारी ओळ तपासणीच्या खाली आणली. त्यानंतर अशा तपासण्या काढू नकोस म्हणून कंपायलरला बजावणारी सूचनाही कर्नलच्या बांधणीत कायमची घातली गेली.

"त्याच वर्षी लंडनच्या एका परिषदेत टोनी होअर बोलले होते," मॅडम म्हणाल्या. "१९६५ साली अल्गॉल डब्ल्यू भाषेसाठी नल त्यांनीच आणला. करायला फार सोपा होता, मोह आवरला नाही, असं त्यांनी सांगितलं. आपल्या त्या कामाला त्यांनी स्वतःच अब्ज डॉलरची चूक म्हटलं."

मुलाने ओळी सरकवल्या. मॅडमनी लॅबमधलं मशीन घेतलं आणि त्यावर फेलस्लॅब चालू केलं. ही सोय कर्नलमध्येच असते. ती चालू केली की मेमरी भरपूर असतानाही कर्नल अधूनमधून मुद्दाम नाही म्हणतो. जी वाट एरवी कुणी चालत नाही, तिच्यावरून कोडला चालायला लावायचा हा उपाय.

मॉड्यूल सुरू झालं. थोड्या वेळाने मशीन गप्प झालं. या वेळी पडद्यावर एक अक्षरही नव्हतं.

कारण सापडायला संध्याकाळ झाली. यादीला एका वेळी दोघांनी हात लावू नये म्हणून मुलगा आधी लॉक घ्यायचा आणि मग मेमरी मागायचा. नल आला की त्याची नवी तपासणी त्याला फंक्शनमधून तिथूनच बाहेर काढायची. लॉक तसंच घेतलेलं राहायचं. पुढचा इंटरप्ट ते सुटायची वाट पाहत उभा, आणि सोडणारा तर केव्हाच निघून गेलेला. आधी निदान ओरडून तरी थांबायचं, आता मुकाट मरत होतं.

"नकार ऐकायला शिकलास," मॅडम म्हणाल्या, "ऐकल्यावर काय करायचं ते बघ आता." आणि पर्स घेऊन निघाल्या.

शनिवारी मुलगा घरी गेला. जेवताना तो बोलेना. वडिलांनी, आप्पांनी, विचारलं, "काय व्हयनं रे? तुनं तोंड का बरं उतरेल शे?"

मुलाने सांगायचा प्रयत्न केला. कर्नल, इंटरप्ट, लॉक यातलं आप्पांना काही कळलं नाही. पण मागायचं, कधी मिळतं, कधी रिकामा हात येतो आणि तो रिकामा आहे हे उशिरा कळतं, एवढं त्यांना चांगलंच समजलं. ते हात धुऊन बसले आणि सांगू लागले.

त्यांची उमेद एकेरी लाइनवर गेली होती. एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या, म्हणून एका वेळी सेक्शनमध्ये एकच गाडी हवी. त्यासाठी टोकन असायचं, लोखंडाचा एक गोळा. शेजारशेजारच्या दोन स्टेशनांतली यंत्रं तारेने जोडलेली. एक गोळा बाहेर निघाला की तो परत कुठल्या तरी यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघायचा नाही. गोळा कातडी पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या रिंगला बांधलेली, आणि ती रिंग ड्रायव्हरच्या हातात द्यायची. गोळा हातात नसेल तर पुढे जायचं नाही.

एकदा पावसाळ्यात एका लहान स्टेशनावर आप्पांची पॅसेंजर उभी होती. पाऊस धो धो पडत होता. पोर्टर डोक्यावर पोतं घेऊन पळत आला, रिंग वर दिली आणि पळत परत गेला. मागून गार्डाची शिट्टी झाली. असिस्टंट म्हणाला, रिंग आली, चला. आप्पांनी बंद सोडून पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी होती. घाईघाईत मास्तरने गोळा टेबलावरच ठेवला होता.

"मग?"

मग काही नाही. आप्पांनी गाडी हलवली नाही. असिस्टंटला पाठवलं, गोळा मागवला, त्यावरची स्टेशनांची नावं वाचली आणि मग निघाले. गाडी लेट झाली, डब्यातल्या लोकांनी आरडाओरडा केला, तो त्यांनी ऐकून घेतला.

"आणि चालत्या गाडीत पिशवी उघडली असती तर?" मुलाने विचारलं.

आप्पा हसले. "टेसनमा उभी गाडीले कोनी नही म्हणं तं काय बिघडस? चहा पेवाना. सेक्शनमा गयी मंग नही म्हणीसन काय फायदा?"

मुलगा ताटावरून उठला तो थेट लॅपटॉपपाशी गेला.

आतापर्यंत तो तपासणी कुठे घालायची हे शोधत होता. त्या रात्री त्याने मागणीच तिथून हलवली. इंटरप्ट म्हणजे भर सेक्शन. तिथे थांबता येत नाही, मागे फिरता येत नाही, आलेला नकार कुणाला सांगताही येत नाही. म्हणून दर दहा सेकंदांनी नोंदीएवढी मेमरी मागणं त्याने बंद केलं. मॉड्यूल सुरू होतानाच, सेन्सरची पहिली हाक यायच्या आधी, त्याने दोन आठवड्यांच्या नोंदींची जागा एकदम मागितली. आता यादी ओवायची नव्हती, त्यामुळे नोंद १६ बाइटची झाली होती. सगळ्या मिळून २ मेगाबाइटच्या आत बसत होत्या. इंटरप्टने फक्त पुढच्या रिकाम्या घरात लिहायचं, घरं संपली की सर्वांत जुन्या नोंदीवर लिहायचं. कुणाकडे काही मागायचं नाही.

सुरुवातीला नल आला तर काय, तेही त्याने लिहिलं. तोवर जे जे घेतलं असेल ते उलट्या क्रमाने परत करायचं: शेवटी घेतलेलं आधी, आधी घेतलेलं शेवटी. कारण काय ते लॉगमध्ये लिहायचं आणि मॉड्यूलने सुरूच व्हायचं नाही. इंटरप्ट लावायचं काम त्याने सगळ्यांत शेवटी ठेवलं. हाती सगळं आल्याशिवाय सेन्सरला हाक मारायची मुभाच नको.

सोमवारी मॅडमनी कोड वाचला. मागच्या आठवड्यात घातलेल्या बहुतेक तपासण्या गायब होत्या. मोकळी करायची मेमरी नलच असेल तर कर्नलचं फंक्शन ते आपणहून सोडून देतं, म्हणून तिथली तपासणी त्याने काढली होती. आपल्याच एका फंक्शनने आपल्याच दुसऱ्याला द्यायच्या पॉइंटरवरचीही काढली होती, कारण तिथे नल आला तर ती चूकच, ती झाकून ठेवण्यापेक्षा दिसलेली बरी.

"इतक्या कमी झाल्या?"

"विचारायची जागाच एक उरली, मॅडम."

त्यांनी फेलस्लॅब चालू केलं. पहिल्या खेपेला मॉड्यूल सुरू झालं नाही, लॉगमध्ये एक ओळ लिहून नीट मागे फिरलं. पुढच्या खेपेला सुरू झालं आणि चालत राहिलं. मशीन गप्प झालं नाही.

नलला लोक उगीच शत्रू मानतात. देणाऱ्याकडे नसतं तेव्हा तो तसं स्पष्ट सांगतो, त्यात त्याचा काय दोष? घात होतो तो मागणाऱ्याच्या गृहीत धरण्याने. आणि पुष्कळदा विचारण्याची इच्छा असूनही घात होतो, कारण नाही ऐकून थांबता येईल असा मुक्काम केव्हाच मागे पडलेला असतो. अशा वेळी केलेली चौकशी कागदावर दिसते, कामाला येत नाही. कर्जाचं, लग्नाचं, शेतात बी टाकण्याचं याहून काही निराळं असतं असं नाही.

पुढच्या मे महिन्यात व्यापाऱ्याचा पुन्हा फोन आला. त्याचा आवाज चढलेला होता. "भाऊ, माल दारात उभा आहे आणि तुमचं मशीन सुरूच होत नाही."

"पडद्यावर काय लिहिलंय?"

भाच्याने अडखळत वाचून दाखवलं. दोन मेगाबाइटची सलग मेमरी मिळाली नाही, असं लिहिलं होतं. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कित्येक दिवस न थांबता चालू होतं, त्याने मेमरीचे बारीक बारीक तुकडे करून ठेवले होते. एकूण शिल्लक बरीच होती, पण एवढी मोठी सलग जागा कुठेच उरली नव्हती.

मुलाने वेळ पाहिली. दुपारचे तीन वाजले होते. क्रेट अजून ट्रॅक्टरमध्येच होते. त्याने भाच्याला रेकॉर्डिंग बंद करायला लावलं आणि बोर्ड बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. मेमरी मोकळी झाली, मॉड्यूल सुरू झालं, पडद्यावर १७ अंश दिसू लागले. कॅमेऱ्यासाठी वेगळा बोर्ड आणायचं भाच्याने कबूल केलं. व्यापाऱ्याने हमालांना हाक मारली आणि माल आत लावायला सुरुवात झाली.